पहिला मारा कोण झेलणार? सिटी ऑफ हीरोजमध्ये आर्किटाइप निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: होमकमिंगच्या सर्व्हरवर सिटी ऑफ हीरोज हा सुपरहिरोंचा ऑनलाइन गेम नव्याने सुरू केलं, एनर्जी ब्लास्टवाला ब्लास्टर (दुरून मारणारं कॅरेक्टर) घेतला, आणि बाराव्या-तेराव्या लेव्हलपासून प्रत्येक मिशनमध्ये दोन-तीनदा आडवं पडायची वेळ येते. बहुतेक खेळ एकट्याने होतो, शनिवार-रविवारी दोन मित्र सोबत असतात. ब्लास्टर टाकून दुसरं काय घ्यावं आणि ते कसं खेळावं?

आधी एक खुलासा, कारण इंटरनेटवर या गेमबद्दल जुनी माहिती भरपूर पडून आहे. मूळ गेम क्रिप्टिक स्टुडिओजने केला आणि एनसीसॉफ्टने एप्रिल 2004 मध्ये बाजारात आणला. तो 30 नोव्हेंबर 2012 ला बंद झाला. 2019 पासून चाहत्यांचे सर्व्हर सुरू झाले आणि त्यांपैकी होमकमिंगला जानेवारी 2024 मध्ये एनसीसॉफ्टचा अधिकृत परवाना मिळाला. या काळात आर्किटाइपचे, म्हणजे कॅरेक्टरच्या वर्गांचे, आकडे बदलले आहेत. त्यामुळे 2008 सालचं मार्गदर्शन वाचून टँकर बनवलात तर त्यातला निम्मा सल्ला आज लागू होत नाही. खाली लिहिलंय ते होमकमिंग गृहीत धरून.

कॅरेक्टर बनवताना पडद्यावर डॅमेज, टिकाऊपणा, कंट्रोल, सपोर्ट अशा पट्ट्या दिसतात. त्या खोट्या नाहीत, पण त्यांवरून निवड करू नका. या गेममध्ये शत्रू एकेकटे नसतात, घोळक्याने उभे असतात. घोळक्याने तुम्हाला पाहिलं की सगळ्यांचे मोठे हल्ले तयारच असतात आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत ते सगळे एकदम सुटतात. त्यानंतर त्यांच्या पॉवर्स रिचार्जवर जातात आणि माऱ्याचा जोर निम्म्याहून खाली येतो. खेळाडू या पहिल्या लाटेला अल्फा म्हणतात. तुम्ही मरताय ते बहुधा याच लाटेत, किंवा तिने अर्धमेले झाल्यावर पुढच्या पाच सेकंदांत. प्रत्येक आर्किटाइपकडे या अल्फाचं स्वतःचं असं उत्तर आहे. त्यातलं कुठलं उत्तर तुमच्या स्वभावाला पटतं ते पाहा, बाकी सगळं त्यामागून येतं.

टँकरचं उत्तर सरळ आहे: अंगावर घ्या. लेव्हल 50 ला टँकरचे मूळ हिट पॉइंट 1874, ब्रूटचे 1499, स्क्रॅपरचे 1338, ब्लास्टरचे 1204, डिफेंडरचे 1017 आणि मास्टरमाइंडचे 803. पण खरा फरक रेझिस्टन्सच्या, म्हणजे लागलेला मारा किती टक्के कमी होतो त्याच्या, कमाल मर्यादेत आहे. टँकर आणि ब्रूट 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात, स्क्रॅपर, स्टॉकर, ब्लास्टर वगैरे 75 वरच अडकतात. 75 आणि 90 मध्ये पंधराचाच फरक दिसतो, पण 100 पॉइंटच्या हल्ल्यातले पहिल्याला 25 लागतात आणि दुसऱ्याला 10. म्हणजे अडीचपट.

ब्रूट आणि स्क्रॅपर यांच्यात नवे खेळाडू फार घोळ घालतात, म्हणून इथे हिशेबच मांडतो. स्क्रॅपरचा डॅमेजचा पाया 1.125 आणि ब्रूटचा 0.75. ब्रूटचा फ्युरी बार मात्र मारताना आणि मार खाताना चढतो आणि त्यातला प्रत्येक पॉइंट 2 टक्के डॅमेज वाढवतो. फ्युरी 75 आणि एन्हान्समेंटचे (पॉवरच्या स्लॉटमध्ये बसवायच्या सुधारणांचे) 95 टक्के धरले तर ब्रूट 0.75 गुणिले 3.45, म्हणजे साधारण 2.59. स्क्रॅपर 1.125 गुणिले 1.95, म्हणजे 2.19, वर क्रिटिकलचे, म्हणजे अधूनमधून दुप्पट लागणाऱ्या वाराचे (मिनियन या साध्या शत्रूवर 5 टक्के, त्यावरच्यांवर 10 टक्के) धरून 2.35 च्या आसपास. एकट्याने खेळताना ब्रूट पुढे. आता टीममध्ये कायनेटिक्स या मदतीच्या संचाचा खेळाडू आला आणि त्याने त्यातल्या फल्क्रम शिफ्टने डॅमेज 200 टक्क्यांनी वाढवला असं समजा. ब्रूट 4.09 वर जातो आणि स्क्रॅपर क्रिटिकल सोडूनही 4.44 वर. बाहेरून मिळालेली मदत पायाला गुणली जाते, म्हणून मोठ्या टीममध्ये स्क्रॅपर वरचढ ठरतो. ब्रूट घेतलात तर दोन घोळक्यांमध्ये थांबू नका. चहा आणायला उठलात की फ्युरी उतरते आणि 0.75 वाला पाया उघडा पडतो. टँकरचा पाया आता 0.95 आहे. ‘टँकर म्हणजे फक्त मार खाणारा’ हे जुन्या काळातलं मत आता सोडून द्या.

स्टॉकर अल्फा टाळतो. लपून जवळ जायचं, सर्वांत त्रासदायक शत्रू निवडायचा, लपलेल्या अवस्थेत असॅसिन्स स्ट्राइक मारून त्याला पहिल्याच घावात संपवायचं. तो वार मारताना थोडा वेळ जातो आणि त्यात कोणी मारलं तर वार फुकट जातो, म्हणून आधीच लपलेलं असणं भाग आहे. लढाई सुरू झाल्यावर तीच पॉवर पटकन चालते. साध्या हल्ल्यांनी असॅसिन्स फोकसचे तीन थर जमले की तिचा क्रिटिकल नक्की. बरेच जण प्रत्येक वेळी पुन्हा लपायला मागे पळतात आणि त्यात लढाई दुप्पट लांबते. तीन थर मोजायला शिकलात की पळायची गरज उरत नाही.

कंट्रोलर आणि डॉमिनेटर हे अल्फा सुटूच देत नाहीत. इथे मॅग्निट्यूडचं, म्हणजे थिजवण्याच्या ताकदीचं, गणित कळलं पाहिजे. मिनियनला 1, लेफ्टनंटला 2, बॉसला 3 इतकं संरक्षण असतं आणि तुमचा होल्ड (शत्रूला थिजवणारी पॉवर) त्याहून जास्त असावा लागतो. नेहमीचा होल्ड 3 चा असतो. म्हणजे लेफ्टनंट एका होल्डमध्ये थिजतो, बॉसला लागोपाठ दोन द्यावे लागतात आणि दुसरा पडेपर्यंत पहिला संपता कामा नये. बॉस थिजत नाही म्हणून पॉवर बिघडली असं वाटून घेऊ नका, अर्धंच काम झालेलं असतं. डॉमिनेटरचा डॉमिनेशन बार भरला की मॅग्निट्यूड दुप्पट होतं, बॉस एका फटक्यात थिजतो, एन्ड्युरन्स (पॉवर वापरायला लागणारी शक्ती) पूर्ण भरतो आणि तुम्हालाही होल्ड-स्टनपासून संरक्षण मिळतं. डॉमिनेशन 90 सेकंद टिकतं आणि मूळ रिचार्ज 200 सेकंदांचा. 200 भागिले 90 म्हणजे 2.22, म्हणून रिचार्ज एकूण 122 टक्क्यांच्या आसपास वाढवला की डॉमिनेशन कायमचं चालू राहतं. तोपर्यंतचा डॉमिनेटर आणि त्यानंतरचा डॉमिनेटर हे दोन वेगळे प्राणी आहेत. पण तिथवर पोहोचायला लेव्हल 50 आणि बराच इन्फ (गेममधले पैसे) लागतो. पहिलंच कॅरेक्टर म्हणून मी तरी डॉमिनेटर सुचवणार नाही.

कंट्रोलर लहान लेव्हलला एकट्याने फार हळू चालतो. अपवाद प्लांट कंट्रोल. लेव्हल 8 ला मिळणारी सीड्स ऑफ कन्फ्युजन घोळक्यालाच आपसात लढवते, तीही अल्फा न ओढवता. शत्रूने शत्रूला मारलं तर अनुभवाचा वाटा थोडा कमी मिळतो, पण वेग इतका वाढतो की तासाभराचा हिशेब फायद्यातच राहतो. कंटेनमेंटही लक्षात ठेवा: थिजलेल्या, खिळलेल्या, झोपलेल्या किंवा भोवंडलेल्या शत्रूला कंट्रोलरचा हल्ला दुप्पट लागतो. म्हणून आधी खिळवा, मग मारा. नव्या कंट्रोलरची ठरलेली चूक म्हणजे सगळ्या घोळक्याला खिळवणारी पॉवर आधी मारणं. पाय खिळले तरी बंदुका चालूच असतात आणि सगळ्या तुमच्याकडे वळतात. शिवाय त्या पॉवरमुळे शत्रू खाली पडायचे थांबतात, म्हणजे टीममधल्या दुसऱ्याचं नॉकडाउन वाया. सगळ्या घोळक्याचा होल्ड 240 सेकंदांच्या रिचार्जचा असतो, तो रोजच्या कामाचा नाही, अडचणीच्या वेळेचा.

डिफेंडर आणि करप्टर अल्फा बोथट करतात. दोघांकडे पॉवरचे तेच संच, क्रम उलटा. डिफेंडरचा सपोर्ट आधी आणि ब्लास्ट नंतर, करप्टरचं उलट. आकड्यांत सांगायचं तर फोर्स फील्डची डिफ्लेक्शन शील्ड डिफेंडरने दिली तर 15 टक्के डिफेन्स (हल्ला चुकवण्याची शक्यता), करप्टर किंवा कंट्रोलरने दिली तर 11.25. डॅमेजचा पाया डिफेंडरचा 0.65, करप्टरचा 0.75, आणि शत्रू अर्ध्याखाली आला की करप्टरचा स्कर्ज लागू होऊन जादा डॅमेज पडायला लागतो. एकट्याने खेळायचं तर संच नीट निवडा. एम्पथीतल्या बहुतेक पॉवर स्वतःवर चालत नाहीत, म्हणजे एकटे असताना अर्धं कॅरेक्टर खिशातच राहतं. उलट डार्क मायाझ्मा पाहा. टार पॅचने शत्रू चिखलात रुतल्यासारखे हळू होतात आणि त्यांचा रेझिस्टन्स घसरतो, डार्केस्ट नाइटने त्यांचे नेम चुकतात आणि डॅमेजही घटतं, ट्वायलाइट ग्रास्पने तुम्ही बरे होता. टाइम मॅनिप्युलेशनही असाच एकट्याला पुरणारा संच आहे. कायनेटिक्स जोरदार, पण त्यातल्या मोठ्या पॉवर शत्रूवर नेम धरून माराव्या लागतात. ट्रान्सफ्यूजनचा नेम चुकला तर कोणीच बरं होत नाही. तिथे अ‍ॅक्युरसीचा स्लॉट वाचवू नका.

‘टीमला हीलर हवाच’ हा समज दुसऱ्या गेममधून आलेला आहे. इथे जखम भरण्यापेक्षा जखम होऊ न देणं कितीतरी स्वस्त पडतं.

मास्टरमाइंड मारा वाटून घेतो. तीन लहान, दोन मधले, एक मोठा असे सहा साथीदार. त्यांना ‘डिफेन्सिव्ह’ आणि ‘फॉलो’ या हुकुमांवर ठेवलं की बॉडीगार्ड लागू होतो. तुम्हाला लागलेल्या माऱ्याचे दोन वाटे तुमचे आणि प्रत्येक साथीदाराचा एक. सहा जण जवळ असतील तर आठातले दोन, म्हणजे एक चतुर्थांशच तुम्हाला लागतो. साथीदारांना अ‍ॅग्रेसिव्ह केलंत की हे संरक्षण गेलं. मास्टरमाइंड मेल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथेच चुकलेलं असतं. गुहेच्या नकाशांत हे साथीदार चिंचोळ्या वाटेत अडकून इतरांची वाट अडवतात, तेवढी सवय ठेवा.

सेंटिनल हा दुरून मारणारा पण चिलखतवाला. टिकतो चांगला, पण डॅमेज ब्लास्टरपेक्षा कमी आणि एका फटक्यात शत्रूही कमी लागतात. निवांत खेळायला बरा. खेल्डियन आणि अरॅक्नॉसवाले एपिक आर्किटाइप आत्ता बाजूला ठेवा. पहिल्यात रूपं बदलायला कीबोर्डची जुळणी करावी लागते, दुसऱ्यात लेव्हल 24 ला सगळं नव्याने बांधावं लागतं.

उरला ब्लास्टर. त्याचं उत्तर असं की अल्फा सोडणारेच कमी करायचे. आठातले पाच पहिल्या चार सेकंदांत पडले तर उरलेल्या तिघांचा मारा सोसता येतो. म्हणून ब्लास्टरचं कौशल्य मारण्यापेक्षा मारायच्या आधीच्या तयारीत आहे. एनर्जी ब्लास्टमध्ये ही अडचण दुप्पट होते, कारण त्यातले बहुतेक हल्ले शत्रूंना उडवून लांब फेकतात. उडालेला शत्रू दोन सेकंद गप्प बसतो हे खरं, पण मग घोळका खोलीभर पांगतो आणि तुमचा एनर्जी टॉरेंट दोघांनाच लागतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला फुकटचा: होव्हर घेऊन वरून मारा. वरून मारलेला शत्रू लांब न जाता जागीच आपटतो, आणि हातघाईचे शत्रू तुमच्यापर्यंत पोहोचतही नाहीत. दुसरा: एनर्जी टॉरेंट आणि एक्स्प्लोझिव्ह ब्लास्टमध्ये सडन अ‍ॅक्सिलरेशनचं नॉकबॅकचं नॉकडाउन करणारं एन्हान्समेंट बसवा. प्रत्येकात एक पुरतं, आणि ते बसवलं की तोच हल्ला त्रासदायक असायच्या ऐवजी संरक्षण देऊ लागतो. तिसरा उपाय सगळ्या ब्लास्टरना लागू: कोपरा वापरा. दाराच्या चौकटीतून एक हल्ला मारून लगेच भिंतीआड व्हा. बंदूकवाल्यांना तुम्ही दिसत नाही, म्हणून ते चालत येतात आणि कोपऱ्याशी गोळा होतात. अल्फा असा आपोआप फुटतो: दोघे आत्ता मारतात, तिघे तीन सेकंदांनी पोहोचतात, आणि मोठा हल्ला एकदम सगळ्यांना लागतो.

आता मरणाचं दुसरं कारण: होल्ड, स्टन, स्लीप. टँकर, ब्रूट, स्क्रॅपर, स्टॉकर यांच्या चिलखताच्या संचात यापासून संरक्षणाची एक पॉवर असते. ब्लास्टरकडे ती नाही. बाराव्या-तेराव्या लेव्हलपासून सर्कल ऑफ थॉर्न्सचे मांत्रिक आणि पुढे त्सू टोळीचे लोक हेच करतात, म्हणून नेमकं तिथे अडखळायला होतं. डिफायन्स या अंगभूत गुणामुळे थिजलेल्या अवस्थेतही ब्लास्टरला पहिल्या संचातल्या पहिल्या दोन आणि दुसऱ्यातली पहिली पॉवर मारता येते. ही गोष्ट अनेकांना महिनोनमहिने माहीत नसते आणि ते हात बांधून पाहत बसतात. या तिन्ही पॉवर शेजारीशेजारी, एक-दोन-तीनवर ठेवा. ब्रेक फ्री नावाचं इन्स्पिरेशन (एकदाच वापरायची तात्पुरती मदत) दोन तरी जवळ असू द्या, आणि ते थिजल्यावर न घेता मांत्रिक दिसल्याबरोबर घ्या.

इन्स्पिरेशन साठवून ठेवण्याची सवय मोडायला हवी. शत्रू मेला की नवी पडतातच, ट्रे भरलेला असेल तर ती वाया जातात. त्याच प्रकारची तीन असतील तर त्यांचं हवं ते एक करता येतं. जांभळं लक हे सर्वांत मोलाचं: छोटं एक लक 12.5 टक्के डिफेन्स देतं, साठ सेकंद. हे मोलाचं का, ते डिफेन्सचं गणित पाहिल्याशिवाय कळत नाही.

बरोबरीच्या लेव्हलच्या मिनियनचा तुमच्यावर नेम लागायची शक्यता मुळात 50 टक्के. त्यातून तुमचा डिफेन्स वजा होतो आणि 5 टक्क्यांखाली ती कधीच जात नाही. म्हणून 45 टक्के डिफेन्स ही व्यवहारातली मर्यादा, जिला सॉफ्टकॅप म्हणतात. गंमत अशी की शेवटचे टक्के सर्वांत मोलाचे. शून्यावरून 5 वर गेलात तर शंभरातले पन्नास हल्ले लागायचे ते पंचेचाळीस लागतात, जेमतेम फरक. 40 वरून 45 वर गेलात तर दहाचे पाच होतात, म्हणजे मार निम्मा. म्हणून डिफेन्स अर्धवट उभारणं म्हणजे पैसा पाण्यात. उभारायचाच तर एका प्रकारात पूर्ण उभारा. हातघाई, दुरून आणि एरिया हे एका पद्धतीचे प्रकार, स्मॅशिंग-लीथल-फायर वगैरे दुसऱ्या पद्धतीचे. दोन्हींची बेरीज होत नाही, त्या हल्ल्याला लागू असलेल्यांतला जो मोठा असेल तोच धरतात. होव्हरवर राहणाऱ्या ब्लास्टरने दुरून येणाऱ्या हल्ल्यांचा डिफेन्स धरावा. 32.5 टक्क्यांवर थांबलात तरी चालतं, कारण उरलेले 12.5 एका लकने भरतात. आणि काहीच नसलेल्या बाराव्या लेव्हलच्या ब्लास्टरने चार लक एकदम घेतले तर एक मिनिट तो सॉफ्टकॅपच्या वर असतो. बॉसच्या खोलीत शिरण्याआधी हेच करायचं.

डिफेन्सची एक खोड माहीत असू द्या. काही शत्रूंचे हल्ले डिफेन्सच कमी करतात. पहिला लागला की दुसरा लागायची शक्यता वाढते, दुसऱ्यामुळे तिसऱ्याची, आणि पाच सेकंदांत सगळा डिफेन्स कोसळतो. इम्पीरियस टास्क फोर्समधले (टास्क फोर्स म्हणजे टीमने खेळायची मिशनांची मालिका) रोमन सैनिक यासाठी कुप्रसिद्ध. सुपर रिफ्लेक्सेसमध्ये याला भक्कम विरोध आहे, नुसत्या सेट बोनसने (एका सेटची एन्हान्समेंट एकत्र बसवल्यावर मिळणाऱ्या जादा फायद्याने) डिफेन्स उभारलेल्या ब्लास्टरकडे अजिबात नाही.

स्लॉटबद्दल. लेव्हल 50 पर्यंत एकूण 24 पॉवर आणि 67 जादा स्लॉट मिळतात, एका पॉवरमध्ये जास्तीत जास्त सहा. दोन्ही संचांतल्या सगळ्या नऊ-नऊ पॉवर घ्यायचा मोह टाळा. अठरा तिथेच गेल्या तर प्रवास आणि संरक्षणाला सहाच उरतात. एकाच प्रकारचं चौथं एन्हान्समेंट कधीही घालू नका. सिंगल ओरिजिन या दुकानातल्या प्रकारची तीन डॅमेज घातली की सुमारे 95 टक्के मिळतात, चौथ्याने त्यात पाचच वाढतात. नेमाचा पाया बरोबरीच्या शत्रूवर 75 टक्के आहे, म्हणून प्रत्येक हल्ल्यात पहिला स्लॉट अ‍ॅक्युरसीचा. त्या एकानेच तुम्ही 95 टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकता. पुढे तीन डॅमेज, मग एन्ड्युरन्स, मग रिचार्ज. एन्ड्युरन्स एकूण 100 आणि तो रिकाम्यापासून पूर्ण भरायला मुळात साठ सेकंद लागतात. हल्ल्यांमध्ये एकही एन्ड्युरन्सचा स्लॉट नसेल तर तिसऱ्या घोळक्याला निळी पट्टी संपते आणि तिच्याबरोबर सगळे टॉगल (सतत चालू ठेवायच्या पॉवर) बंद पडतात, होव्हरसुद्धा. स्टॅमिना आता सगळ्यांना आपोआप मिळतो, त्यात दोन-तीन स्लॉट लवकर टाका.

लेव्हल 25 चं साधं इन्व्हेन्शन एन्हान्समेंट 32 टक्के देतं आणि लेव्हल वाढली तरी बाद होत नाही. लेव्हल 22 पासून ते बसवता येतं. तिथून पुढे दुकानातली एन्हान्समेंट घेत बसू नका. सेट बोनसच्या मागे मात्र चाळिशीनंतर लागा. अपवाद लक ऑफ द गॅम्बलरचं साडेसात टक्के सर्वसाधारण रिचार्ज देणारं एन्हान्समेंट. ते डिफेन्सच्या पाच वेगवेगळ्या पॉवरमध्ये बसतं, सहाव्याचा बोनस धरला जात नाही.

अवघडपणाचा आकडा हेही मरणाचं मोठं कारण. शत्रूची लेव्हल तुमच्यापेक्षा एकने जास्त असली की तुमचे परिणाम 90 टक्के लागू होतात, दोनने 80, तीनने 65, चारने 48. फक्त डॅमेजच नव्हे, होल्डचा वेळ आणि डीबफही (शत्रूला कमजोर करणारे परिणाम). वर तुमचा नेमही घसरतो. म्हणून मिशनची पातळी वाढवायची तर लेव्हलऐवजी माणसं वाढवा. ब्लास्टरसाठी बरोबरीची लेव्हल आणि तीन जणांइतके शत्रू, हे दोन लेव्हल वरच्या चार शत्रूंपेक्षा सोपं आणि जास्त फायद्याचं पडतं, कारण तुमचे मोठे हल्ले अनेकांना एकदम लागतात.

दुसरं कॅरेक्टर हवंच असेल तर विलपॉवरवाला ब्रूट किंवा स्क्रॅपर घ्या. जवळजवळ सगळं चिलखत टॉगल किंवा आपोआप चालणारं, लढाईत दाबायची बटणं कमी, एन्ड्युरन्सची चणचण नाही. राइज टू द चॅलेंजमुळे जितके शत्रू जवळ तितकं जखम भरण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून घोळक्याच्या कडेला न राहता मधोमध उभं राहा. त्याची कमजोरी म्हणजे एकदम मोठा फटका, कारण तिथे लगेच बरं करणारं बटण नाही. हिरवी इन्स्पिरेशन त्यासाठी राखा. फायर आर्मर आणि डार्क आर्मर दिसायला छान, पण त्यांत नॉकबॅकपासून संरक्षण नाही. कर्मा किंवा स्टेडफास्ट प्रोटेक्शनचं एक एन्हान्समेंट घातल्याशिवाय तुम्ही चेंडूसारखे उडत राहाल. इन्व्हल्नरेबिलिटी बाकी सगळ्याला दणकट, सायॉनिकपुढे उघडी.

रीस्पेकने पॉवर आणि स्लॉट बदलतात, आर्किटाइप आणि दोन संच बदलत नाहीत. पण होमकमिंगवर एका सर्व्हरवर हजार कॅरेक्टरची जागा आहे, म्हणून ब्लास्टर खोडू नका. मिड्स रीबॉर्न हा फुकट प्लॅनर उतरवून घ्या आणि लेव्हल 50 पर्यंतचं चित्र आधी त्यात मांडा. कुठल्या लेव्हलला काय घ्यायचं हे ठरवताना एक नियम ध्यानात धरा: टास्क फोर्सने तुमची लेव्हल खाली आणली तर त्या लेव्हलच्या पाच वरपर्यंत घेतलेल्या पॉवरच चालतात. पंधराव्या लेव्हलच्या टास्क फोर्समध्ये 28 ला घेतलेली टफ नावाची पॉवर बंद असते.

तिघांच्या शनिवारच्या टीमसाठी टँकर, हीलर, ब्लास्टर असं वाटप करू नका. बाकी दोघांनीही मदतीचे संच घेतले तर जास्त जमतं, कारण वेगवेगळ्या माणसांच्या मदतीची बेरीज होते. तुमचा ब्लास्टर तसाच राहू द्या. एकाने फोर्स फील्ड डिफेंडर घ्यावा, दुसऱ्याने डार्क मायाझ्माचा करप्टर. फोर्स फील्डची ढाल तीन एन्हान्समेंटनंतर साधारण 23 टक्क्यांवर जाते, वर डिस्पर्शन बबल, आणि तिघांनी लीडरशिपमधलं मॅन्युव्हर्स घेतलं की ब्लास्टर एकही सेट बोनस न घेता सॉफ्टकॅपच्या जवळ पोहोचतो. डार्केस्ट नाइटने शत्रूचा नेम आणखी घटतो, म्हणजे उरलेलं अंतरही भरतं. ही ढाल स्वतः डिफेंडरला मिळत नाही हे लक्षात ठेवा. म्हणून मरणार असेल तर तोच, आणि घोळक्यात पहिलं शिरणारा तो नसावा.

अनोळखी टीम हवी असेल तर वेळेचा विचार करा. एक्सेल्सियर, टॉर्चबेअरर, एव्हरलास्टिंग आणि इन्डॉमिटेबल उत्तर अमेरिकेत आहेत, रियुनियन युरोपात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. मध्य युरोपातले आठ म्हणजे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. आपल्या संध्याकाळी सात-आठला रियुनियनवर दुपार असते आणि अमेरिकेत सकाळ, त्यामुळे टास्क फोर्स भरायला वेळ लागतो. शनिवार-रविवारी सकाळी लवकर उठणं जमत असेल तर एक्सेल्सियर किंवा एव्हरलास्टिंगवर आठ जणांची टीम पटकन मिळते. अशा टीममध्ये ब्लास्टरने पहिला हल्ला करायचा नाही. टँकर आत शिरल्यावर दोन सेकंद थांबा, घोळका त्याच्याकडे वळू द्या. एकाच खेळाडूमागे एका वेळी सतराच शत्रू लागू शकतात, अठरावा दुसऱ्या कोणाकडे तरी वळतो. दोन घोळके एकत्र आलेले दिसले की आधी भिंत शोधा.